मृदु स्वर

वाणीचें सामर्थ्य तिच्या चढेपणांत आहे कीं मृदुपणांत, हा प्रश्न शिक्षकाच्या धंद्यांत नित्य उभा राहतो. त्यावर विचार करण्यास आम्हांस अमेरिकेंतील नभोवाणीनें लावलें, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

त्या देशांत कांहीं नभोवाणी केंद्रें संभाषणासच वाहिलेलीं आहेत. आठवडाभर तेथें राजकारणाची चर्चा चालते. श्रोते दूरध्वनीवरून आपलें मत मांडतात, आणि पुष्कळदां वाद विकोपास जातो. परंतु शनिवार-रविवार आला कीं, यांपैकीं कित्येक केंद्रांवर जुन्या मंदस्वरी गायकांचीं गीतें लागतात. फिलाडेल्फिया येथील डब्ल्यू. पी. एच. टी. या केंद्रावर सिड मार्क हे गृहस्थ कित्येक वर्षें रविवारीं फ्रँक सिनात्रा यांचींच गाणीं ऐकवीत असत. मार्क २०२२ सालीं वारले. तोंपर्यंत साठांहून अधिक वर्षें त्यांनीं या एका गायकाची सेवा केली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. ए. बी. सी. केंद्रानें १० मे १९८२ रोजीं संगीत सोडून संभाषण धरलें होतें. २०२० पासून तेथेंहि सप्ताहाअखेर जुनीं गाणीं परतलीं.

संगीत गेलें होतें तें ध्वनीच्या स्वच्छतेसाठीं. एफ. एम. पद्धतींत स्वर निर्मळ उमटतो. म्हणून गाणें तिकडे गेलें, आणि जुन्या ए. एम. केंद्रांवर बहुतेक बोलणेंच उरलें.

या गायनाचा जन्मच यंत्रामुळें झाला. मायक्रोफोन नव्हता तोंवर गायकास शेवटच्या रांगेपर्यंत पोंचेल असा आवाज लावावा लागे. १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें, आणि बिंग क्रॉस्बी यांच्यासारखे गायक जणूं एकाच श्रोत्याच्या कानाशीं गाऊं लागले. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनीं १९३२ सालीं हें गाणें पौरुषास न शोभणारें म्हणून त्याचा कडक निषेध केला. पण मृदु स्वरास बळ थोडें लागतें असें कोणीं समजूं नये. सिनात्रा १९४० सालीं टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदांत शिरले. डॉर्सी ट्राँबोन वाजवितांना श्वास तुटूं न देतां लांबच लांब ओळ कशी नेतात, हें पाहून सिनात्रांनीं पोहण्याच्या अभ्यासानें आपला दम वाढविला.

गतवर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगा शाळा सोडण्याच्या बेतांत होता. घरीं रागावून झालें, शाळेंत ताकीद देऊन झाली. तो अधिकच मुका झाला. एके दिवशीं व्हरांड्यांत आम्हीं त्यास हलकेंच विचारलें, "बाळ, काय झालें?" तेव्हां त्याचे डोळे भरून आले, आणि वडिलांचें काम सुटल्याची गोष्ट त्यानें सांगितली. आज तो मॅट्रिकच्या वर्गांत आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे: आठवडाभर घरांत कितीहि गलबला असो, निदान एक घटका मुलाशीं हळू आवाजांत बोलत जा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीहि आईबापांशीं तसेंच बोला. त्यांसहि कोणी हळुवार बोलणारें हवें असतें.