टेकडीवरचा वाचक

ग्रंथांची गोडी आणि रानावनाची ओढ या दोन गोष्टी एका माणसात सहसा एकत्र नांदत नाहीत, असा एक समज आहे. वाचणारा माणूस घरकोंबडा, तर हिंडणारा माणूस पुस्तकाकडे पाठ फिरवणारा, अशी आपण सोयीची विभागणी करून टाकतो. फ्रान्सच्या एका लहानशा गावात आयुष्य घालवलेल्या जाँ जिओनो या लेखकाने मात्र या दोन्ही गोष्टी अशा काही एकरूप केल्या, की त्यांच्या वाचनातून रान वजा करता येत नाही आणि त्यांच्या भटकंतीतून पुस्तक वेगळे काढता येत नाही.

आल्प्स पर्वताच्या रांगा उतरत उतरत जिथे भूमध्य समुद्राकडे झुकतात, त्या प्रोव्हान्स प्रदेशात, द्यूरांस नदीच्या खोऱ्यात मानोस्क हे गाव वसलेले आहे. गावाभोवतीच्या टेकड्यांवर ऑलिव्हच्या बागा, बदामाची झाडे आणि ओकची खुरटी राने आहेत. नदीपलीकडे वालांसोलचे विस्तीर्ण पठार, तर उत्तरेला १८२६ मीटर उंचीचा ल्यूर पर्वत. ऊन प्रखर, माती खडकाळ आणि अधूनमधून सुटणारा मिस्त्राल नावाचा उत्तरेचा बोचरा वारा. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील माणसे गहू पिकवून, मेंढ्या पाळून आणि ऑलिव्हचे तेल गाळून गुजराण करीत. निसर्ग येथे देखणा आहे. पण तो लाड करणारा नाही.

या गावात ३० मार्च १८९५ रोजी जिओनो यांचा जन्म झाला. वडील चांभारकाम करीत, आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्याचा व्यवसाय चालवी. मुलगा जन्मला तेव्हा वडिलांनी पन्नाशी गाठली होती. घरात सुबत्ता नव्हती. मात्र कष्टाची लाज आणि विद्येचा तिटकारा, या दोन्ही गोष्टींना त्या घरात थारा नव्हता. पुढे वडिलांची प्रकृती ढासळली. १९११ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, जिओनो यांना शाळा सोडून गावातल्याच एका बँकेत नोकरी धरावी लागली. सुरुवातीचे काम निरोप्याचे होते. ज्या वयात सोबती पुढच्या वर्गात जातात, त्या वयात हा मुलगा चिठ्ठ्या आणि कागदपत्रे घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला.

शाळा सुटली, शिकणे मात्र सुटले नाही. तुटपुंज्या पगारातून घरखर्चाला हातभार लावल्यावर जे काही उरे, त्यातून ते पुस्तके मागवीत. नव्या लेखकांची पुस्तके महाग होती. त्या मानाने होमर, व्हर्जिल अशा प्राचीन ग्रीक आणि लॅटिन कवींची फ्रेंच भाषांतरे स्वस्त आवृत्त्यांत मिळत. परिस्थितीने केलेली ही निवड होती. परंतु तिने त्यांच्या ओंजळीत युरोपीय साहित्याचा उगमच आणून ठेवला. कोणी शिक्षक समोर नव्हता, परीक्षेचा धाक नव्हता आणि प्रमाणपत्राचे आमिषही नव्हते. होते ते केवळ पुस्तक आणि ते समजून घेण्याची आच.

ही पुस्तके त्यांनी वाचली ती बऱ्याच अंशी उघड्या आकाशाखाली. त्यांच्या वाचनाचे वेगळेपण येथेच आहे. व्हर्जिलचे एक प्रसिद्ध काव्य शेती, वृक्ष आणि द्राक्षवेली, गुरेढोरे आणि मधमाश्या या चार विषयांवर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते काव्य ऑलिव्हच्या झाडाखाली बसून वाचताना जिओनो यांना टीपांची गरज भासण्याचे कारण नव्हते. कवीने वर्णिलेले झाड डोक्यावर सावली धरून होते. त्याच्या मेंढ्या समोरच्या उतारावर चरत होत्या. ‘ज्याँ ल ब्ल’ या १९३२ मधील आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी पिकलेल्या गव्हाच्या शेतात ‘इलियड’ वाचणाऱ्या मुलाचे चित्रण केले आहे. एकीकडे काव्यातील वीरांची शस्त्रे तळपतात, दुसरीकडे शेतात कापणी चाललेली असते, आणि त्या मुलाच्या मनात दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. पुस्तकाने शेताचा अर्थ सांगावा आणि शेताने पुस्तकाचा, अशी ही परस्परांची शिकवणी होती.

पण जे युद्ध काव्यात भव्य वाटते, ते प्रत्यक्षात कसे असते हे लवकरच कळायचे होते. पहिल्या महायुद्धात जिओनो यांना सैन्यात जावे लागले. १९१६ मधील व्हर्दनची भीषण लढाई त्यांनी अनुभवली. जिवाभावाचा मित्र युद्धात गमावला. १९१९ मध्ये ते मानोस्कला परतले आणि पुन्हा त्याच बँकेत रुजू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नसेल. आत मात्र एक गोष्ट कायमची ठरून गेली होती : युद्धाचे समर्थन यापुढे कधीही करायचे नाही.

नोकरी, संसार आणि लेखन अशी तारेवरची कसरत पुढे दहा वर्षे चालली. १९२९ मध्ये ‘कोलीन’, म्हणजे ‘टेकडी’, ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. चार घरांची एक वस्ती, अचानक आटलेला झरा आणि आपल्यावर टेकडीच कोपली आहे अशी गावकऱ्यांच्या मनात बसलेली धास्ती, असे तिचे कथानक आहे. या कादंबरीतील निसर्ग माणसाच्या मागे टांगलेला पडदा नाही. तो श्वास घेतो, रागावतो आणि माणसाकडून हिशेब मागतो. रानात केवळ सहलीपुरते जाणाऱ्याला हे दिसले नसते. त्यासाठी ऋतुमागून ऋतू त्याच वाटा तुडवाव्या लागतात.

याच सुमारास बँकेने मानोस्कमधील शाखा बंद केली आणि जिओनो यांना दुसरीकडे जागा देऊ केली. पदरी कुटुंब होते. हाती आलेले यश अगदी ताजे होते आणि टिकेलच याची शाश्वती नव्हती. तरीही त्यांनी गाव सोडण्यास नकार दिला आणि लेखणीवर जगायचे ठरवले. गावाजवळच्या टेकडीच्या उतारावर त्यांनी एक घर घेतले. तेथे ग्रंथसंग्रह वाढत गेला. खिडकीतून गावाची कौले आणि द्यूरांसचे खोरे दिसे. खोलीत ग्रंथ आणि दाराबाहेर डोंगरवाट, यांहून अधिक ऐश्वर्य त्यांना नको होते.

अमेरिकन लेखक हर्मन मेल्व्हिल यांची ‘मोबी डिक’ ही देवमाशाच्या शिकारीवरील कादंबरी अनेक वर्षे त्यांच्या सोबतीला होती. टेकड्यांमधून फिरायला निघताना ते ती बरोबर घेत. मानोस्कहून समुद्र दिसत नाही. पण वाऱ्याने हेलावणारी झाडे आणि एकामागून एक उठत गेलेल्या टेकड्यांच्या रांगा पाहताना त्यांना लाटांचा भास होई. पुढे त्यांनी दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने या कादंबरीचा फ्रेंच अनुवाद केला. १९४१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पायांनी चार कोसांवर न गेलेला माणूसही पुस्तकाच्या आधाराने महासागर ओलांडू शकतो, आणि जिओनो तर स्वतःला जागच्या जागी बसून प्रवास करणारा प्रवासी म्हणवत.

एकट्याचा हा आनंद १९३५ मध्ये अनेकांचा झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुमारे चाळीस तरुण-तरुणी जिओनो यांच्याबरोबर पदभ्रमणाला निघाले. ल्यूर पर्वताच्या परिसरातील कोंतादूर नावाच्या उजाड पठारावर पोहोचल्यावर जिओनो यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि सर्वांना तेथेच मुक्काम करावा लागला. अपघाताने घडलेला हा मुक्काम सर्वांना इतका भावला, की पुढची चार वर्षे तेथे नियमित मेळावे भरू लागले. दिवसा पठारावर भटकंती, मग वाचन, संगीत आणि गप्पा. युरोपवर पुन्हा युद्धाचे ढग जमत होते. साध्या, कष्टाच्या आणि शांततेच्या जीवनाची स्वप्ने पाहणारे ते तरुण जिओनो यांच्या शब्दाकडे मोठ्या आशेने पाहत होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये असाच मेळावा चालू असताना दुसरे महायुद्ध सुरू झाल्याची वार्ता आली. मंडळी पांगली. रणांगणावर जायचे की नकार देऊन तुरुंगात जायचे, हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावा लागला. त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते आणि पठारावरही नव्हते. युद्धविरोधी भूमिकेमुळे जिओनो यांना अटक झाली आणि सुमारे दोन महिने मार्सेयच्या किल्ल्यात डांबून ठेवण्यात आले. १९४४ मध्ये त्यांना पुन्हा कैद झाली. त्यांनी केलेला ग्रामजीवनाचा गौरव त्या काळच्या व्हिशी सरकारच्या प्रचाराला पोषक ठरला, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. छळाला भिऊन आलेल्या काहींना त्यांनी आसरा दिला होता, हेही तितकेच खरे. १९४५ मध्ये खटला न चालवताच त्यांची सुटका झाली. तरी काही काळ फ्रान्समध्ये त्यांच्या लेखनावर बहिष्कार राहिला.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ग्रंथ आणि निसर्ग माणसाला शहाणे करतात, असे आपण म्हणतो; मग त्या शहाणपणाला युद्ध का थोपवता आले नाही? जिओनो यांच्या आयुष्यातून याचे सरळ उत्तर मिळत नाही. पुस्तक म्हणजे ढाल नव्हे आणि डोंगर म्हणजे तटबंदी नव्हे. जगाचा कोलाहल आज ना उद्या तिथवर पोहोचतोच. मात्र कोलाहल ओसरल्यावर माणसाने पुन्हा कोठून सुरुवात करायची, हे ती दोघे सांगू शकतात. सुटकेनंतर जिओनो त्याच घरी, त्याच टेकडीवर परतले आणि पुन्हा लिहू लागले.

१९५३ मध्ये एका अमेरिकन मासिकाने त्यांच्याकडे, आयुष्यात भेटलेल्या अविस्मरणीय व्यक्तीवर लेख मागितला. जिओनो यांनी एका मेंढपाळाची हकिकत पाठवली. उजाड डोंगरावर एकटा राहणारा हा माणूस रोज ओकची निवडक बीजे मातीत पुरतो. दोन महायुद्धे होऊन जातात, तरी त्याचे काम थांबत नाही. अखेर तेथे अरण्य उभे राहते, झरे वाहू लागतात आणि ओस पडलेली गावे पुन्हा वसतात. असा माणूस प्रत्यक्षात नव्हताच, हे कळल्यावर मासिकाने लेख नाकारला. पुढील वर्षी ती कथा अन्यत्र छापली गेली आणि जगभर पसरली. ती कोणीही मुक्तपणे छापावी, अशीच जिओनो यांची इच्छा होती. लोकांच्या मनात झाडांविषयी प्रेम उपजावे एवढाच आपला हेतू होता, असे त्यांनी नंतर एका वनाधिकाऱ्याला कळवले. भारतात अरविंद गुप्ता यांनी ती हिंदीत आणली. मेंढपाळ काल्पनिक होता. पण ती कथा वाचून झाडे लावणारी माणसे खरी आहेत.

१९५४ मध्ये जिओनो फ्रान्समधील मानाच्या गोंकूर अकादमीवर निवडले गेले. ऑक्टोबर १९७० मध्ये मानोस्कमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांनी अंगीकारलेली रीत मात्र फार खर्चाची नाही. आठवड्यातून एखादी मोकळी दुपार, खिशाला परवडेल असे एखादे जुने पुस्तक आणि गावाबाहेर जाणारी कोणतीही पायवाट, एवढे भांडवल तिला पुरते. शाळेची घंटा एका ठरावीक वयानंतर ऐकू येईनाशी होते. झाडाखाली उघडलेले पुस्तक मात्र वाचणाऱ्याचे वय विचारत नाही.