हिज्जे आणि रवाँ

मदरशात उस्तादजी आधी हिज्जे शिकवत, मग रवाँ. जेर-जबर-पेश लावून एकेक तुकडा सुटा म्हणायचा. तुकडे पक्के झाले की सगळं एका दमात. परवा भाचीने 45 अक्षरांचा एक इंग्रजी शब्द पुढ्यात ठेवला. "मामू, वाचून दाखवा ना!" तेव्हा तीच रीत कामी आली.

न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय्-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्. तुकडे 19. मुख्य जोर शेवटून दुसऱ्या 'ओ'वर. सुरुवातीचा 'पी' लिहायचा, पण उच्चारायचा नाही, 'अश्शम्स'मधल्या लामसारखा. पोरीला हे चटकन कळलं. तिसऱ्या खेपेला ती रवाँ म्हणू लागली, अगदी सुरात.

शब्द तसा हौसेचाच. 1935 साली अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांबलचक घडवला. अर्थ, ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिका धूळ श्वासातून गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार. डॉक्टर नुसतं 'सिलिकोसिस' म्हणतात.

आजार मात्र हौसेचा नाही. त्याला ज्वालामुखीही लागत नाही. दगडखाण पुरते, क्रशर पुरतो. गुजरातेत खंबातला अकीक घासणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या हीच धूळ ओढत आले. अकीकची अंगठी आपल्याकडे किती मानाने घालतात! माझ्याही बोटात आहे. भाची तिच्याकडे बघत म्हणाली, "मामू, मग त्यांना औषध देतात ना?"

देतात. खोकला, ताप, वजन उतरणं. लक्षणं क्षयासारखी, म्हणून पुष्कळदा क्षयाचंच देतात. धुळीने फुप्फुसावर पडलेले वण त्याने जात नाहीत.