पुढचं न दिसणारा पक्षी

हेल्मेट घातलं की माणसाला फक्त पुढचं दिसतं. बाडमेर ते जैसलमेर हा दीडशे किलोमीटरचा रस्ता तर इतका सरळ, की मान वळवायचं कारणही पडत नाही. पुण्याहून निघून तिसरा दिवस होता. अहमदाबादपर्यंत ट्रक सोबतीला होते, बाडमेरपर्यंत गाई आणि ढाबे. त्यापुढे फक्त खेजडी, म्हणजे आपली शमी, रुईची झुडपं आणि वारा.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. पण थारचा बराच भाग तसा नाहीच. सपाट, खडकाळ माळ आणि त्यावर सेवण गवताचे झुबके. मी सोलापूरचा, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. असा माळ जिथे, तिथे एकेकाळी माळढोक असायचा. आमच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. सुरुवातीला त्याची हद्द सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होती. गावं, शेतं, सगळंच त्यात. जमिनीचे व्यवहार अडले की लोक त्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायचे. पुढे हद्द कमी झाली, पण तोवर पाणी आलं होतं, माळाचा ऊस झाला होता. आता तिकडे माळढोक दिसला तर बातमी होते.

देवीकोटच्या आसपास आभाळ भरायला लागतं. पवनचक्क्या, सोलरच्या निळ्या रांगा आणि टॉवरवरून टॉवरवर गेलेल्या तारा. जगात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास असतील आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे शिकारी कुठूनही आला तरी कळावं. त्यामुळे समोरचं मात्र नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळत नाही. हजारो वर्षं माळावर समोरून आडवं येणारं काही नव्हतंच, तर पुढे बघायची गरज काय होती?

चहाला थांबलो तिथल्या बाबांनी समोरच्या झाडांकडे हात केला. "ही देवीची ओरण. इथं कुऱ्हाड चालत नाही." ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं सामायिक रान. उंट, शेळ्या, गाई तिथे चरतात, पण झाड कुणी तोडत नाही. सरकारी कागदावर मात्र अशा कितीतरी ओरणांच्या जमिनी पडीक म्हणून लागल्या आहेत. आणि पडीक जमीन प्रकल्पाला द्यायला कुणाची हरकत असणार?

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं माळढोकांच्या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या. सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या भागात ते जमणार नाही, सौरऊर्जेची कामं अडतील. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली गेली. दरम्यान सम आणि रामदेवरा इथे माळढोकांची अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. पिल्लं मोठी होतील. पण त्यांना सोडायचं कुठे, तर याच आभाळात.

मी सोलरच्या विरोधात नाही. माझा कोड ज्या सर्व्हरवर चालतो त्यांना वीज लागते आणि ती कोळशाची नसावी असंच मला वाटतं. मला खुपतो तो 'पडीक' हा शब्द. आमच्याकडेही माळाला पडीकच म्हणायचे. त्या शब्दामुळे जमीन आधी कागदावर रिकामी होते आणि मग खरोखरच.

नान्नजला माळढोक बघायला गेलेला माणूस आता बहुतेक वेळा त्याचं चित्र बघून परततो. जैसलमेरचं असं अजून झालेलं नाही. तिकडे बाइकवर जाणार असाल तर देवीकोटला थांबा, हेल्मेट काढा आणि आधी दोन्ही बाजूंना बघा.