पहाडगंजमधला 'शालोम'

नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही पहाडगंजच्या मेन बाजारात शिरलात, तर दुकानदार परदेशी पाहुण्यांना 'शालोम, शालोम' अशा हाका मारताना दिसतील. 1992 च्या जानेवारीत भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे प्रस्थापित झाले. मग सक्तीची लष्करी सेवा संपवून भटकंतीला निघालेली इस्रायली तरुण मंडळी इथे उतरू लागली. बाजार हा शब्द त्यांच्याकडूनच शिकला.

'शालोम' म्हणजे नमस्कार किंवा फार तर शांती, असंच मीही समजत होते. पण हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. इथला धातू आहे श-ल-म आणि त्याचा भाव पूर्ण, अभंग असणं. 'शालेम' म्हणजे सबंध. 'लेशालेम' म्हणजे पैसे चुकते करणं, कारण तेव्हाच हिशेब पुरा होतो. (दुकानदारांना हाच अर्थ जास्त आवडेल!) 'कशी आहेस?' हे बाईला विचारायचं तर 'मा श्लोमेख?', म्हणजे तुझं क्षेम काय? बायबलमध्ये योसेफ इजिप्तला आलेल्या आपल्या भावांना त्यांचं 'शालोम'च विचारतो.

अरबीत हाच धातू स-ल-म होतो. त्यातून आपल्याकडे 'सलाम' आला आणि 'सहीसलामत'ही. प्रवासाहून माणूस सहीसलामत परतला असं आपण म्हणतो, तेव्हा त्या जुन्या अर्थाच्या अगदी जवळ असतो. 'शालोम अलेखेम'ला उत्तरही उलटं मिळतं, 'अलेखेम शालोम'. जुन्या दिल्लीत रोज 'सलाम आलेकुम, वालेकुम सलाम' ऐकणाऱ्याला याचं काय नवल?

बाजाराबाहेरचा शालोम ऐकायचा, तर खान मार्केटजवळ हुमायून रोडवर जावं. तिथे 1956 साली बांधलेलं जुडाह हायम सिनेगॉग आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि माणसं एकमेकांना 'शब्बात शालोम' म्हणतात. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेनं दहा प्रौढ पुरुष लागतात. दिल्लीतली ज्यू कुटुंबं मात्र मोजकीच, त्यामुळे दहाचा आकडा जमवणं हीच मोठी गोष्ट.

या सिनेगॉगची धुरा अनेक वर्षं वाहणारे इझिकेल आयझॅक मळेकर हे बेने इस्रायली, म्हणजे आपलेच मराठी. अलिबागजवळच्या नौगावला यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं अशी आख्यायिका आहे. कोकणात ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. 1948 साली इस्रायल स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक तिकडे गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. रस्त्यावर 'मा श्लोमेख?' आणि घरात आजीला 'कशी आहेस गं?'