जड चाक, हलके चाक

माणसाचा स्वभाव त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हातावरून लवकर कळतो, असे माझे एक जुने मत आहे. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झाल्यावर पेन्सिलीशी जी सोयरीक जमली, ती आजतागायत टिकून आहे. मध्ये चार कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी शाळेत मला कोणी कादंबरीकार म्हणत नाही. ‘ड्रॉइंगचे सर’च म्हणतात. तेव्हा हाताविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे. वर्गातला एखादा मुलगा पेन्सिल अशी दाबतो की, रेघ मागच्या पानावर उमटते. दुसरा इतकी हलकी धरतो की, कागदाचा पोत त्याच्या बोटांना कळतच नाही. दोघांचीही रेघ बिघडते. पण हाच प्रश्न एके दिवशी मोटारीच्या चाकापर्यंत जाऊन पोहोचेल आणि त्यापायी आमच्या घरात दोन महिने मुकाट जेवणे होतील, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

कोल्हापूरकराला दोन नाद जन्मतःच असतात. एक तालमीचा, दुसरा यंत्राचा. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार चौकात आली की, सोने लुटायला आलेली माणसे आधी तिच्याकडे डोळे भरून पाहतात. माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला दुसरा नाद आला. उद्यमनगरात त्याचे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. दिवसभर तो लोकांसाठी लोखंड कातत असतो आणि रात्री स्वतःसाठी मोटार घडवतो. मोटार म्हणजे मारुतीची जुनी एस्टीम. १९९४ ते २००७ या काळात ही गाडी निघत असे, आणि आपल्याकडच्या शर्यतींत ती पुष्कळ धावली. भावाने तिची मागची आसने काढली, गालिचा काढला, आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवला. वर्षातून दोन-तीनदा तो तिला ट्रकवर चढवून कोईमतूरच्या करी ट्रॅकवर घेऊन जाई, मनसोक्त पळवी आणि चार दिवसांनी हसतमुखाने परत येई. त्याच्या संसारातली एवढीच काय ती चैन.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, “हात वापरा, पण जोर लावू नका.” आणि त्याच वर्षी त्याच्या लेकीने, माझ्या पुतणीने, इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन गाडीच्या चाकावर हात ठेवला. मोटार एक, चालवणारी माणसे दोन. भावाने भंगार बाजारातून पॉवर स्टिअरिंगचा एक संच आणून ठेवला. पुतणी म्हणाली, “अप्पा, पॉवर नको. चाक आहे तसंच राहू दे.”

आता हा वाद काय आहे, हे वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. मलाही ते नव्यानेच कळले. साध्या स्टिअरिंगमध्ये चाकाच्या दांड्याच्या टोकाशी एक लहान दातेरी चक्र असते. ते एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते आणि पट्टी पुढची चाके वळवते. मध्ये परके कोणी नाही. पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाचा दाब निर्माण करतो आणि तो दाब पट्टी ढकलायला मदत करतो. हल्लीच्या गाड्यांत पंपाऐवजी विजेची मोटर असते. ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केली होती. पण विकाऊ मोटारीत ती १९५१ साली, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये आली.

“मग मदत घेण्यात वाईट काय?” मी विचारले.

“काका, टायर बोलतो,” पुतणी म्हणाली. “वळणावर टायर पकड धरून असतो तोवर चाक जड लागतं. पकड संपायच्या जरा आधी ते हलकं होतं. तो इशारा हाताला कळला पाहिजे. मध्ये तेल आलं की बोलणं पुसट होतं.”

ते ऐकून मला माझी पेन्सिल आठवली. पोरीचे म्हणणे पटले. पण भावाचेही खोटे नव्हते. साधे चाक झेपावे म्हणून त्याची दातेरी चक्रे अशी ठेवतात की, तेवढ्याच वळणाला चाक जास्त फिरवावे लागते. गाडी घसरली की, नेमका तिथेच उशीर होतो. पॉवरचे चाक कमी फिरते, म्हणून सावरायला वेळ मिळतो. शिवाय शर्यतीचे रुंद, मऊ टायर लावले की जडपणा वाढतो. आणि ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर चाक चढले तर साधे स्टिअरिंग असा हिसका देते की, अंगठा आत अडकवलेला असेल तर तो दुखावलाच म्हणून समजावे. जगातही याबाबत एकमत नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असते. तिच्या खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला टूला नसते, आणि अमेरिकेच्या इंडीकारलाही नसते.

मी मास्तरी स्वभावाने मधला मार्ग सुचवला. पॉवरचा संच बसवायचा, पण पंप काढून टाकायचा. भाऊ हसला. “दादा, ते अर्धवट काम. पंप काढला तरी आतलं तेल ढकलायचं कोणी? आपल्याच हातानं. आणि दाते कमी फिरण्याचे, म्हणजे साध्यापेक्षा जड. मधला रस्ता नाही यात.”

वहिनी ताटे वाढता वाढता म्हणाली, “भाऊजी, तुम्हीच सांगा काय ते. हे दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. हा म्हणतो तिच्या मनासारखं होऊ दे, आणि रात्री वर्कशॉपात एकटाच त्या गाडीत बसून येतो.”

गुंता तिथे होता. साधे चाक ठेवायचे म्हणजे बापाने गाडीतून कायमचे उतरायचे. आणि हे वाक्य घरात कोणीच उच्चारत नव्हते.

शेवटी असे ठरले की, दोन्ही चाके वापरून पाहायची. पहिल्या खेपेला आम्ही साध्या चाकाची गाडी घेऊन कोईमतूरला गेलो. रात्रभर आणि वर अर्धा दिवस प्रवास. पुतणीने पंधरा फेऱ्या मारल्या; मी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. भाऊ कठड्याला टेकून उभा होता. दर वळणाला त्याचा खांदा नकळत किंचित हलत होता. पहिल्या फेऱ्या सुरेख झाल्या. दहाव्यानंतर पोरीचे हात दमले आणि वेळ वाढत गेला. महिन्याने पॉवर बसवून पुन्हा गेलो. या वेळी पहिल्या फेऱ्या आधीपेक्षा थोड्या मंद, पण शेवटपर्यंत सारख्या. मग बाप बसला. त्याने चारच फेऱ्या मारल्या. खाली उतरून हेल्मेट काढले आणि काही न बोलता बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.

रात्री खोलीवर पुतणीने माझी वही मागून घेतली. दोन्ही खेपांची बेरीज केली. फरक एका श्वासाइतका, पॉवरच्या बाजूने. तिने वही मिटली आणि म्हणाली, “अप्पा, घड्याळ म्हणतंय पॉवर. राहू दे तेच.”

भाऊ म्हणाला, “नक्की?”

“आकड्यापुढं काय बोलायचं?”

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला माणूस. पण पहिल्या खेपेला ऊन कडक होते, दुसऱ्या खेपेला आभाळ भरलेले होते, आणि टायरही महिन्याने झिजलेले होते, एवढे मलासुद्धा दिसत होते. असल्या आकड्यांवरून काही ठरत नाही, हे इंजिनिअर झालेल्या मुलीला कळत नसेल? एरवी तोळाभर चुकीवरून बापाशी तासभर भांडणारी ही पोर त्या रात्री एक अक्षर बोलली नाही. मीही बोललो नाही. भावाने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग दिवा मालवला.

आता दिवाळी झाली की पुन्हा जायचे आहे. सकाळच्या फेऱ्या बापाच्या, दुपारच्या लेकीच्या, असे ठरले आहे. वहिनीने वाटेसाठी चिवडा आणि शंकरपाळे वेगळे काढून ठेवले आहेत. घड्याळ आणि वही नेहमीप्रमाणे माझ्याकडे आहे.