मोरीच्या भिंतीवरील रेघा

गेल्या वैशाखांतील एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगतांना मला संकोच वाटतो, कारण तींत दोष सर्वस्वीं माझा आहे; परंतु ज्यांच्या घरीं नळ आहे, विहीर आहे आणि माथ्यावर पाण्याची टांकीही आहे, अशा भगिनींस ती उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

आमचें घर जोहे येथें आहे. पेण तालुक्यांतील हें गांव शेजारच्या हमरापुराप्रमाणेंच गणपतीच्या मूर्तींसाठीं प्रसिद्ध आहे. आमच्या परसांतील गडग्यापलीकडेच मूर्तींचा एक कारखाना आहे. घरांत आम्ही लहानमोठीं मिळून अकरा माणसें. विहीर मामंजींच्या वडिलांनीं बांधलेली. ती आजवर कधीं आटली नव्हती, आणि म्हणूनच कीं काय, पाण्याचा विचार आम्हांस कधीं करावाच लागला नव्हता.

त्या वैशाखांत आमच्या आळीस पाणी पुरविणारा नळ कोठेंसा फुटला आणि आठवडाभर पाणी आलें नाहीं. पहिल्याच दिवशीं कारखान्यांतील दोघी बायका हंडे घेऊन आल्या. सासूबाईंनीं त्यांस विहीर मोकळी करून दिली व आळींतील आणखी तीन घरांसही तसा निरोप धाडला. विहिरींत पुरुषभर पाणी होतें. बेतानें वागल्यास सर्वांचा आठवडा सहज निघाला असता. त्याच रात्रीं दहा वाजतां मीं टांकी भरण्यासाठीं पंप चालू केला, आणि पाहुण्यांच्या अंथरुणांच्या गडबडींत तें साफ विसरून निजलें. एकच्या सुमारास पंपाचा आवाज बदलल्यामुळें सासूबाईंस जाग आली. विहिरीचा तळ लागला होता. टांकीवरून ओसंडलेलें पाणी अंगणांतून गटारांत गेलें होतें.

आमचा पंप तासाला सुमारें दीड हजार लिटर पाणी चढवितो. तीन तासांत साडेचार हजार लिटर झाले. त्यांतील एक हजार टांकींत राहिले आणि साडेतीन हजार वाहून गेले. खेड्यांतील प्रत्येक माणसास दररोज निदान 55 लिटर पाणी मिळावें, असें प्रमाण 2019 सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेनें धरलें आहे. त्या हिशोबानें साठांहून अधिक माणसांचें एका दिवसाचें पाणी माझ्या एका विसराळूपणापायीं मातींत गेलें.

सकाळीं बायका आल्या. अंगण ओलें होतें. त्यांना सांगावें लागलें नाहीं. कोणीं एक शब्दही बोललें नाहीं. पुढें उभी होती तिनें आपला रिकामा हंडा पालथा करून कडेवर घेतला आणि ती परत फिरली. मला कोणीं चार शब्द बोललें असतें तर बरें वाटलें असतें.

सासूबाईही रागावल्या नाहींत. दुपारपर्यंत झऱ्यानें जें गढूळ पाणी धरलें, तें त्यांनीं प्रत्येक घरास दोन हंडे याप्रमाणें वांटलें, आणि आमच्या घरासही दोनच हंडे घेतले. टांकींतलें पाणी सुद्धां त्यांनीं पांच घरांत सारखें वांटावयास लावलें. रात्रीं मात्र त्या माझ्यापाशीं बसून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या वेळीं या विहिरीच्या कांठावर सर्वांस येतां येत नसे. कांहीं जणांनीं दूर उभें राहावयाचें आणि आपण वरून पाणी घालावयाचें. मला तें पाहवत नसे. म्हणून माझ्या हातीं घर आलें तेव्हां मीं पहिल्यानें ही विहीर मोकळी केली. ती अशी कोरडी पडावी, याचें मला वाईट वाटतें." आमचा हा जिल्हा तेव्हां कुलाबा म्हणून ओळखला जाई. याच जिल्ह्यांत महाड येथें 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, ही हकीकत मीं शाळेंत वाचली होती. परंतु पाणी अडविणें हें सोंवळ्यानेंच होतें असें नाहीं, निष्काळजीपणानेंही होतें, हें मला त्या रात्रीं कळलें.

कोंकणांत पाण्याची टंचाई कशी, असें देशावरील मंडळी विचारतात. येथें वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि उतार तीव्र व खडक काळा, त्यामुळें पाहतां पाहतां खाडीस मिळतो. आमच्या तालुक्यांत हेटवणें येथें मोठें धरण आहे. त्याचें पाणी नवी मुंबईपर्यंत जातें. तरीही त्याच तालुक्याच्या खारेपाटांतील बायांनीं कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहत काढले आहेत. तेथें जमिनींतील पाणीच खारें. विहीर खणून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशीं मीं मोरीच्या भिंतीवर कोळशानें रेघा ओढण्यास आरंभ केला. वीस लिटरांची एक बादली खर्च झाली कीं एक रेघ. नळ पुन्हां सुरू झाल्यावर, घर पूर्ववत् चालूं देऊन, मीं एका दिवसाच्या रेघा मोजल्या. त्या सत्तर भरल्या! म्हणजे चौदाशें लिटर. माणशीं सव्वाशेंहून अधिक. इतकें पाणी आम्ही पितों तरी कोठें, असें सर्वांस वाटलें. तपास केला तेव्हां सारी चोरी आमच्याच हातून होत होती असें दिसलें.

दांत घांसतांना मुलें नळ सोडून ठेवीत. आतां प्रत्येकास एक तांब्या मिळतो. धाकटे भावोजी फवाऱ्याखालीं स्नान करीत. त्यांनीं कुरकुरत का होईना, बादली स्वीकारली. मागल्या दारचा नळ रात्रंदिवस ठिबके. त्याखालीं एके रात्रीं घागर ठेवली, ती सकाळीं जवळजवळ भरली होती. नळांतील रबराची चकती बदलतांच ठिबक थांबली. शौचकूपाच्या टांकींत पाण्यानें भरलेली एक लिटरची बंद बाटली ठेवली. त्यामुळें दर वेळीं एक लिटर वांचतें. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जितकें पिण्यास मिळतें, त्याहून अधिक बाहेर टाकलें जातें. तें आतां पिंपांत धरून त्यानें लादी पुसतों. कालचें भरलेलें पाणी 'शिळें' म्हणून ओतून देण्याची जुनी रीति होती. ती सासूबाईंनीं स्वतःच मोडली. पाहुण्यांस पेला अर्धा भरून देतों आणि तांब्या शेजारीं ठेवतों.

भांडीं घांसण्याची युक्ति मला कारखान्यानें शिकविली. तेथें रंगाचे कुंचले धुण्यासाठीं तीन डबे ओळीनें मांडलेले असतात. पहिल्यांत बहुतेक रंग उतरतो, दुसऱ्यांत उरलासुरला, तिसऱ्यांत कुंचला स्वच्छ होतो. पहिला डबा घाण झाला कीं तेवढाच ओतावयाचा आणि बाकीचे दोन एकेक जागा पुढें सरकवावयाचे. आम्ही मोरींत तीन घमेलीं मांडलीं. खरकटें आधीं पुसून काढावयाचें, मग घांसावयाचें, आणि तीन घमेल्यांतून क्रमानें काढावयाचें. वाहत्या नळाखालीं आठ बादल्या लागत, तेथें तीन पुरूं लागल्या.

तांदुळाचें व भाजीचें धुवण तुळशीस व मिरचीच्या रोपांस जातें. कपड्यांचें शेवटचें विसळण शौचकूपासाठीं ठेवतों. मोरीचें पाणी पन्हळीनें अळूस व केळींस देण्याची आमच्या आजेसासूबाईंची पद्धत मध्यंतरीं सिमेंटच्या गटारामुळें मोडली होती. ती पुन्हां सुरू केली. मात्र साबणाच्या पुडीचें दाट पाणी झाडांस घालूं नये, हें एक केळ गमावून शिकलों. भाद्रपदांत शाडूची मूर्ति घरींच घंगाळांत विसर्जन केली. निवळलेलें पाणी बागेस दिलें आणि तळाची माती वाळवून पुढील वर्षासाठीं कारखान्यांत परत पोंचविली.

महिन्यानें रेघा अडतीसावर आल्या. म्हणजे माणशीं सत्तर लिटरांच्या आंत. अद्याप पंचावन्नापर्यंत पोंचलों नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगतें.

शेवटीं पावसाकडे वळलों. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. आमचें कौलारू छप्पर सुमारें शंभर चौरस मीटरांचें; अडीच हजार मिलिमीटर पावसांत त्यावरून अडीच लाख लिटर पाणी ओघळतें. पन्हळी लावून, खडी, वाळू व कोळसा भरलेल्या खड्ड्यांतून गाळून तें आम्ही विहिरीकडे वळविलें. पहिल्या दोन सरी मात्र बाहेर सोडल्या, म्हणजे कौलांवरील धूळ व पाखरांची घाण विहिरींत येत नाहीं. याचा गुण यंदाच्या वैशाखांत किती दिसेल तें पाहावयाचें आहे.

पंपाची कळ आतां माझ्या हातीं आहे, पण ती दाबल्यावर मी तेथून हलत नाहीं. पाटावर बसून तांदूळ निवडतें. हंडा पालथा करून परत गेलेली ती बाई परवां गडग्यावरून डोकावली आणि हंसत म्हणाली, "वहिनी, पंप चालू आहे ना?" मीं म्हटलें, "आहे, आणि मीही येथेंच आहें."

भगिनींनो, एकच आठवडा आपापल्या मोरीच्या भिंतीवर रेघा ओढून पाहा. पुढें काय करावयाचें तें त्या रेघाच सांगतील.