उजवीकडचा बैल

दक्षिण वेल्समध्ये नोव्हेंबरातला रविवार म्हणजे पाऊस, घोटाभर चिखल आणि मैदानाच्या कडेला छत्र्या धरून उभे आईबाप. त्यांतलाच मी एक. माझा १५ वर्षांचा मुलगा इथल्या क्लबाकडून रग्बी खेळतो. तीन वर्षं तो लूजहेड प्रॉप होता, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीत डावीकडचा, पाठीवर १ नंबर. यंदा उजवीकडचा टाइटहेड मुलगा गाव सोडून गेला. प्रशिक्षकांनी ह्याला विचारलं, तीन नंबर करशील का? हा लगेच हो म्हणाला. मलाही वाटलं, त्यात काय एवढं, डावीकडचं उजवीकडे!

स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना भिडतात. पहिल्या ओळीत तिघे : मधे हुकर, दोन्ही अंगांना प्रॉप. दोन पंजांची बोटं एकमेकांत अडकवावीत तशी ही डोकी एकाआड एक बसतात, आणि प्रत्येकाचं डोकं समोरच्याच्या डावीकडून आत शिरतं. त्यामुळे डाव्या टोकाच्या गड्याला एका बाजूने मोकळी हवा मिळते. उजव्या टोकाच्याचं डोकं मात्र समोरचा प्रॉप आणि हुकर ह्यांच्या बेचक्यात सापडतं, दोन्ही खांद्यांवर भार. लूज आणि टाइट ही नावं त्यावरूनच पडलेली.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. दिवाणखान्यातला सोफा सरकवून त्याने मला समोर वाकवलं तेव्हा कळलं. “बाबा, तू लूजहेड. तुझा डावा हात माझ्या उजव्या हाताच्या आतून घाल आणि जर्सी धर.” मी घातला. तो थबकला. इतकी वर्षं आत जाणारा डावा हात त्याचाच होता. आता तो हात हुकरच्या पाठीवर ठेवायचा आणि पकड उजव्या हाताने घ्यायची. त्याचा खांदा मात्र सवयीने खालून वर उचलायला बघत होता. लूजहेडला ते शोभतं. टाइटहेडने सरळ, सपाट, जागच्या जागी राहायचं. मला वाटलं होतं तो नवीन काही शिकतोय. प्रत्यक्षात तो येत असलेलं विसरायला धडपडत होता, आणि अंग काही विसरायला तयार नव्हतं.

रात्री गावाकडे अप्पांना फोन केला. त्यांनी उभ्या जन्मात रग्बी पाहिलेली नाही. मी दहा मिनिटं समजावलं. ते म्हणाले, “म्हंजे डावीचा बैल उजवीला जुंपला म्हण की. बुजणारच. आधी मोकळं जू देऊन चालवायचा त्याला, लगेच नांगराला नाही.” आमच्या प्रशिक्षकांनीही नेमकं हेच केलं होतं : तीन आठवडे नुसतं स्क्रम-मशीन, मग सराव, मग सामना. पहिल्या ओळीत तयारी नसलेलं पोर उभं करायचं नसतं, हा इथला नियमच आहे.

मानेची भीती मला वाटत नाही असं नाही. वेल्सला येईपर्यंत माझा खेळ म्हणजे कबड्डी. तिथे डावा कोपरा सोडून उजवा धरायला गेलो की मीही भांबावायचो, पण मान कुणाच्या दोन खांद्यांत अडकत नव्हती. एवढं खरं, की नियम आता पूर्वीपेक्षा शहाणे झालेत. २०१३ पासून पंच आधी वाकायला सांगतात, मग समोरच्याची जर्सी धरायला, मगच भिडायला. आधीच पकड असल्याने अंतरावरून आपटणं गेलं. १९ वर्षांखालच्या खेळात दीड मीटरच्या पुढे रेटायला बंदी आहे. दूरदर्शनवर स्क्रम लागला की चहा टाकायला उठणाऱ्यांचा मला हल्ली राग येतो. पूर्वी मीच उठायचो.

पहिला सामना वाईट गेला. चेंडू आमचा, पण तीन नंबर मागे सरकला, डावी बाजू पुढे गेली आणि अख्खा स्क्रम दारासारखा फिरला. दोनदा. मुलगा वर पाहीना.

क्लबातल्या म्हाताऱ्यांना पाँटीपूलची पहिली ओळ तोंडपाठ आहे : फॉकनर, विंडसर, प्राइस. सत्तरच्या दशकात एका क्लबाचे हे तिघे एकत्र वेल्सकडून खेळले. टाइटहेड होता ग्रॅहॅम प्राइस. १९७५ साली पॅरिसमध्ये, पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, त्याने लांबून धावत जाऊन ट्राय केला. ती धाव सगळे रंगवून सांगतात. बाकी वर्षानुवर्षं मान खाली घालून जे केलं, त्याची गोष्ट होत नाही. तीन नंबरच्या नशिबी हेच.

पाचव्या सामन्यात स्क्रम हलला नाही. परतताना गाडीत मी म्हटलं, आज छान झालं. तो म्हणाला, “तुला काय दिसलं?” मला खरंच काही दिसलं नव्हतं. चेंडू मागून सरळ बाहेर आला, एवढंच. तो स्वतःशीच हसला आणि डबा उघडून पोळीची गुंडाळी खाऊ लागला.

संध्याकाळी अप्पांचा फोन. पहिला प्रश्न, “खांदा सुजला का?” दोन्ही सुजलेत, म्हटलं. मग त्यांनी खांदेमळणी सांगितली, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची करतात तशी : गरम पाण्याने शेक, मग लोणी आणि हळद. घरात लोणी नव्हतं. खोबरेल तेल लावलं. हळदीचे डाग अजून त्या टॉवेलवर आहेत.